दोनशे शहाण्णव

२०२४च्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या एका ग्राहकाच्या सर्व्हरवरचे लॉग कोर्टात द्यायचे होते. काम किरकोळ वाटत होतं. फाइल काढायची, झिप करायची, पाठवून द्यायची. कॉलवर दिल्लीचे एक वकील होते. ते म्हणाले, नुसती फाइल चालणार नाही, सोबत सर्टिफिकेट लागेल, त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागेल, कुठल्या मशीनमधून कॉपी काढली तेही लिहावं लागेल. मी विचारलं, एवढं कशाला? ते म्हणाले, "अर्जुन पंडितराव आहे ना!"

मला वाटलं हे कुणी मोठे अधिकारी असावेत, त्यांची सही लागत असेल. वकिलांनी समजावलं की ही केस आहे, महाराष्ट्रातलं कुठलंतरी इलेक्शन मॅटर, २०२०चं जजमेंट. मी स्वतःला म्यूट करून गूगल केलं. पूर्ण नाव आलं: अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल.

मी जालन्याचा आहे. ही दोन नावं वाचत मी वाचायला शिकलो असं म्हटलं तरी चालेल, कारण शाळेच्या रस्त्यावरच्या भिंतींवर दुसरं काही लिहिलेलं नसायचं. वाढदिवसाचे बॅनर, नवरात्राचे बॅनर, दहीहंडीचे बॅनर. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते. आणि आता दिल्लीचा एक माणूस मला सांगत होता की देशात कुठल्याही कोर्टात व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट, सीसीटीव्हीचं फुटेज किंवा आमच्यासारख्यांचे लॉग द्यायचे असले की आमच्या गावच्या भांडणातून निघालेला नियम पाळावा लागतो.

त्या रात्री मी तो निकाल मोबाइलवर वाचायला घेतला. कायद्याची भाषा जड होती, पण गोष्ट घरचीच होती. ती सांगण्याआधी आमच्या मतदारसंघाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे.

जालना विधानसभा. १९९० ला खोतकर. १९९५ ला खोतकर. १९९९ ला गोरंट्याल. २००४ ला खोतकर. २००९ ला गोरंट्याल. २०१४ ला खोतकर. २०१९ ला गोरंट्याल. २०२४ ला खोतकर. आमच्या धंद्यातला माणूस हे बघून लगेच म्हणेल, ००१०१०१०. आठ बिट, एक बाइट. एक शिवसेनेचे, दुसरे काँग्रेसचे. राज्यात सरकारं आली गेली, पक्ष फुटले, जालन्याची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली, पण आमदारकीला दोनच नावं. मी १९९७चा. माझ्या जन्मापासून मला तिसरा आमदार माहीत नाही.

अशा गावात वाढलेल्या मुलाला कुणी "मतदान करा, बदल घडवा" असं म्हटलं की तो हसतो. आमच्या वर्गातली निम्मी पोरं पुण्यात आहेत, काही हैदराबादेत, काही बेंगळुरूत. ग्रुपवर निवडणुकीच्या दिवशी एकच मेसेज असतो: सगळे सारखेच. त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडतो. मीही पाडलेला आहे. २१ ऑक्टोबर २०१९, सोमवार. माझं पहिलं विधानसभा मतदान त्या दिवशी व्हायला हवं होतं. पण पुढच्याच रविवारी लक्ष्मीपूजन होतं आणि दिवाळीला घरी जायचंच होतं. आठ दिवसांत दोनदा पुणे-जालना करायचं, ट्रॅव्हल्सचं दिवाळीतलं भाडं दोनदा भरायचं, आणि ते कशासाठी, तर शून्य किंवा एकपैकी एक दाबायला. नाही गेलो. वाईटही वाटलं नाही.

आता २०१४.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मी बारावीत होतो, सतरा वर्षांचा, म्हणजे मताला नालायक. पण ते दिवस लख्ख आठवतात. २५ सप्टेंबरला एकाच दिवशी दोन लग्नं मोडली. शिवसेना-भाजपची पंचवीस वर्षांची युती तुटली आणि काही तासांत काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख होती २७ सप्टेंबर, शनिवार. म्हणजे जे मतदारसंघ वर्षानुवर्षं मित्रपक्षाला सोडलेले होते तिथे दीड-दोन दिवसांत उमेदवार शोधायचा, एबी फॉर्म पोचवायचा, प्रस्तावक गोळा करायचे, प्रतिज्ञापत्र करायचं, अनामत भरायची आणि दुपारी तीनच्या आत अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवायचा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ३३व्या कलमात वेळ लिहिलेली आहे: सकाळी अकरा ते दुपारी तीन. राज्यभर त्या शनिवारी गाड्या धावत होत्या.

१५ ऑक्टोबरला मतदान झालं, १९ला मोजणी. युती आघाडी नसल्याने मतं चार-पाच ठिकाणी वाटली गेली. खोतकरांना ४५,०७८ मिळाली. गोरंट्यालांना ४४,७८२. फरक २९६.

२९६ म्हणजे किती? एका मतदान केंद्राच्या यादीत साधारण हजारभर नावं असतात. म्हणजे एका केंद्राचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. एसटीच्या साध्या गाडीत चव्वेचाळीस सीट धरल्या तर सात गाड्या भरणार नाहीत. आणि ज्यांनी मत दिलंच होतं त्यांच्यातल्या एकशे एकोणपन्नास जणांनी इकडचं बटण सोडून तिकडचं दाबलं असतं तरी निकाल उलटा लागला असता. शुक्रवारी रात्री वाकडच्या पुलाखाली मराठवाड्याच्या ट्रॅव्हल्सची वाट बघत उभी असलेली माणसं मोजली तर यापेक्षा जास्त भरतील.

हरलेल्या उमेदवाराने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात निवडणूक याचिका दाखल केली. दुसरी याचिका कुठल्या पक्षाने नाही, मतदारसंघातल्या एका मतदाराने केली. हे मला माहीतच नव्हतं. कायद्याच्या ८१व्या कलमाप्रमाणे निकालानंतर पंचेचाळीस दिवसांच्या आत कुठलाही मतदार, फक्त मतदार म्हणून, आपल्या मतदारसंघाच्या निवडणुकीला आव्हान देऊ शकतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आम्हाला राष्ट्रपतींच्या निवडणुकीचं गणित होतं, हे नव्हतं.

याचिकांमधलं मुख्य म्हणणं असं की विजयी उमेदवाराच्या चारही अर्जांत गंभीर त्रुटी होत्या, आणि त्यातले ४३ आणि ४४ क्रमांकाचे अर्ज तर तीन वाजून गेल्यावर, म्हणजे ३ वाजून ५३ मिनिटांनी दिले गेले. पुरावा काय? निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आत आणि बाहेर लावलेल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. आयोगाच्याच व्यवस्थेतलं चित्रीकरण, आयोगाच्याच ताब्यात.

इथून गोष्ट माझ्या विषयात शिरते. भारतीय पुरावा कायद्यात ६५ब नावाचं कलम होतं. कॉम्प्युटरमधल्या माहितीची प्रत कोर्टात द्यायची असेल तर ती कुठल्या यंत्रातून, कशी काढली, यंत्र नीट चालत होतं का, हे सांगणारं प्रमाणपत्र जबाबदार माणसाच्या सहीने जोडायचं. हे शहाणपणाचं आहे. कागदावर खाडाखोड केली तर दिसते. फाइलवर केली तर दिसत नाही. आम्ही रोज दुसऱ्याच्या टाइमस्टॅम्पवर संशय घेत असतो. दोन सर्व्हरची घड्याळं तीन सेकंदांनी पुढे-मागे असली तरी आमच्याकडे अर्धा दिवस मीटिंग चालते. आणि इथे तर त्रेपन्न मिनिटांवर एक आमदारकी लटकली होती.

पण याचिकाकर्त्यांना प्रमाणपत्र मिळेना. मूळ यंत्र सरकारचं, चित्रीकरण सरकारचं, सही सरकारी माणसाची. त्यांनी मागितलं, पुन्हा मागितलं. उच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये आदेश देऊन मूळ चित्रीकरण आवश्यक प्रमाणपत्रांसह हजर करायला सांगितलं. सीडी आल्या. कायद्याला हवं तसं प्रमाणपत्र आलं नाही. शेवटी उच्च न्यायालयाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची उलटतपासणी ध्यानात घेतली आणि त्यातून अटीची पुरेशी पूर्तता होते असं मानलं. २४ नोव्हेंबर २०१७ ला निवडणूक रद्द ठरवली. खोतकर तेव्हा राज्यमंत्री होते.

डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली.

आणि मग? मग काही नाही. आमदार आमदार राहिले, मंत्री मंत्री राहिले. २०१९ च्या जुलैमध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने ६५बचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली, गोरंट्याल वीस हजारांहून जास्त मतांनी जिंकले. कोरोना आला. १४ जुलै २०२० ला न्यायमूर्ती नरिमन, भट आणि रामसुब्रमणियन यांच्या पीठाने निकाल दिला. प्रमाणपत्र सक्तीचंच आहे. २०१८ च्या एका निकालाने दिलेली ढील चुकीची होती. पण ज्याने प्रमाणपत्र मिळवण्यासाठी हातात होतं ते सगळं केलं आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्यानेच दिलं नाही, त्याला कायदा अशक्य गोष्ट करायला लावणार नाही. शिवाय उच्च न्यायालयाने चित्रीकरणाखेरीज इतर पुरावाही बघितला होता. म्हणून खोतकरांचं अपील फेटाळलं.

म्हणजे २०१४ ची निवडणूक रद्दच होती. हे पक्कं झालं तेव्हा त्या विधानसभेची मुदत संपून आठ-नऊ महिने उलटले होते. कायद्यात लिहिलंय की निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा. उच्च न्यायालयात तीन वर्षं लागली, वर अडीच.

एक गंमत सांगायची राहिली. ६५बचा आधीचा मोठा निकाल, अन्वर विरुद्ध बशीर, तोही निवडणुकीचाच. केरळमधल्या एरनाड मतदारसंघातली प्रचाराची गाणी आणि घोषणा सीडीवर भरून कोर्टात दिल्या होत्या, प्रमाणपत्राशिवाय. तो निकाल लागला १८ सप्टेंबर २०१४ ला. जालन्यातल्या त्या शनिवारच्या बरोबर नऊ दिवस आधी. आता पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, ६५बच्या जागी ६३वं कलम आहे, प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशचा रकाना आहे. पण वकील अजून अर्जुन पंडितरावच म्हणतात.

हे सगळं मी त्या दिवाळीत घरी गेल्यावर पप्पांना सांगितलं. जरा फुशारकीने सांगितलं हेही खरं. आपल्या गावाचं नाव सुप्रीम कोर्टात, वगैरे.

पप्पा मोंढ्यात एका अडतीवर मुनीम आहेत. माणूस मितभाषी. मतदान कधी चुकवायचे नाहीत. सकाळी सातला पहिल्या दहात. कुणाला मत दिलं ते आईलाही सांगत नाहीत. पण १३ मे २०२४ ला, लोकसभेला, ते गेलेच नव्हते. आईने फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं ऊन असेल. मीही पुण्यातच होतो, त्यामुळे विचारायची सोय नव्हती.

निकालाची गोष्ट त्यांनी पूर्ण ऐकली. मग म्हणाले, "मोंढ्यात हर्रास बंद झाल्यावर गाडी आली तर तिचा माल दुसऱ्या दिवशी. त्यात वाद नाही. पण इथं माल विकला, पट्टी झाली, पैसे वाटले गेले, अन् सहा वर्षांनी सांगायलेत की गाडी उशिरा आली होती."

मी म्हटलं, "पण सांगितलं ना शेवटी."

"मग माझ्या मताचं काय झालं ते सांग. मी २०१४ ला टाकलेलं. मोजलं का रद्द झालं? ज्याला टाकलं तो निवडून आला का नाही आला?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नीट येत नाही. दिलेलं मत कुठल्याही बाजूचं असो, ती निवडणूक कायद्याने झालीच नाही असं ठरलं, आणि तिच्यातून आलेला माणूस पाच वर्षं पूर्ण बसला. ‘सगळे सारखेच’ म्हणून घरी बसणाऱ्या माझ्यासारख्यांचा राग वेगळा, तो फुकटचा असतो. पप्पांचा राग तीस वर्षं रांगेत उभं राहून कमावलेला होता.

आजी बाजूला वाती वळत बसली होती. ती मूळची अंबड तालुक्यातली. तिच्या लहानपणी इथे निजामाचं राज्य होतं. रझाकारांच्या भीतीने रात्री शेतात झोपल्याचं ती सांगते. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तरी लगेच कुणी मत दिलं नाही. आधी लष्करी गव्हर्नर, मग दिल्लीने नेमलेलं सरकार. १९५२ च्या सुरुवातीला पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि बी. रामकृष्ण राव यांचं निवडून आलेलं सरकार हैदराबादेत बसलं. मराठवाड्यातल्या प्रत्येक प्रौढ माणसाने राज्यकर्ता निवडला तो तेव्हा पहिल्यांदा. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. देशभरात सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगायच्या ऐवजी अमक्याची बायको, तमक्याची आई असं सांगितलं आणि आयोगाने तशी नावं धरायला नकार दिला. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या.

आजी १९५२ ला लहान होती. एकविसाची झाल्यावर, १९६२ ला, तिने पहिलं मत दिलं, बैलजोडीवर. का, असं विचारलं तर म्हणते, "बैल होते म्हणून." मी कधीतरी त्यात काही खोल अर्थ शोधायचा प्रयत्न केला होता. तसा काही नाही. घरी बैल होते, चिठ्ठीवर बैल होते.

पण तिला तिचं नाव यादीत वाचून दाखवलेलं आठवतं. मास्तरने मोठ्याने वाचलं होतं. सासरी तिला त्या नावाने कुणी हाक मारत नव्हतं.

पुण्यात परतल्यावर मी वाचत राहिलो. अँथनी डाउन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९५७ मध्ये एक पुस्तक लिहून आमच्या ग्रुपवरचा मेसेज शास्त्रशुद्ध करून ठेवलाय. मतदानाला खर्च येतो: वेळ, प्रवास, माहिती काढायचा त्रास. फायदा किती? आवडता उमेदवार जिंकल्याने जो होईल तो, गुणिले माझ्या एका मतामुळे निकाल फिरण्याची शक्यता. ही शक्यता इतकी बारीक की गुणाकार जवळजवळ शून्य. म्हणजे हिशोबी माणसाने घरी बसावं. तरी कोट्यवधी लोक रांगा लावतात. १९६८ मध्ये रायकर आणि ऑर्डशुक या दोघांनी समीकरणात आणखी एक पद घातलं, कर्तव्यापोटी मिळणारं समाधान, आणि बेरीज जुळवली. हे वाचून मला हसू आलं. उत्तर जुळत नाही म्हणून एक कॉन्स्टंट चिकटवायचा, हे आम्ही इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलला करायचो.

डाउन्सचं गणित चूक नाही. पण ते निकालाच्या आधीचं गणित आहे. मुंबई वायव्य मतदारसंघात २०२४ ची लोकसभा ४८ मतांनी सुटली. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्य १६२ वर, साकोली २०८ वर. आमच्याच जिल्ह्यात घनसावंगीला राजेश टोपे अडीच हजारांहून कमी मतांनी पडले. कुठली निवडणूक अशी होणार हे आधी कळत नाही. कळलं असतं तर त्या ठिकाणी सगळेच गेले असते आणि मग ती तशी झाली नसती. शिवाय जालन्याच्या २९६ मध्ये मला दुसरंच दिसतं. फरक पंचवीस हजारांचा असता तर त्रेपन्न मिनिटांसाठी कुणी सहा वर्षं कोर्टात घालवली असती का? मला शंका आहे. चित्रीकरण कपाटात राहिलं असतं, प्रमाणपत्राचा प्रश्न दुसऱ्या कुठल्या गावातून आला असता.

‘सगळे सारखेच’चं मात्र मला नीट खोडून काढता येत नाही. प्रयत्न करून बघितला. जालना लोकसभेचंच घ्या. १९७७ ला इथे जनता पक्षाचे पुंडलिक हरी दानवे निवडून आले होते, म्हणजे लाटेत हे गाव हलतं. १९९९ पासून पाच वेळा सलग भाजपचे रावसाहेब दानवे. २००९ ला ते काँग्रेसच्या कल्याण काळेंविरुद्ध ८,४८२ मतांनी वाचले. २०१९ ला तीन लाखांहून जास्त फरकाने जिंकले. ही सीट आता पिढीजात झाली असं सगळे म्हणायला लागले. मधे अंतरवाली सराटी झालं, १ सप्टेंबर २०२३ चा लाठीमार झाला, आरक्षणाचं आंदोलन राज्यभर गेलं. आणि २०२४ ला त्याच काळेंनी त्याच दानवेंना १,०९,९५८ मतांनी पाडलं. मंगेश साबळे नावाचा गावचा एक तरुण सरपंच अपक्ष उभा राहून दीड लाखावर मतं घेऊन गेला. काहीच बदलत नाही हे म्हणणं त्या ४ जूनला जालन्यात तरी कुणी केलं नाही.

आता उलट बाजू. २०२४ ला खोतकर एकतीस हजारांहून जास्त फरकाने परत आले, या वेळी शिंदेंच्या शिवसेनेकडून. आणि २०२५ मध्ये गोरंट्याल भाजपमध्ये गेले. म्हणजे ज्या दोघांनी आमच्या गावातला प्रत्येक चौक वाटून घेतला होता, ज्यांच्या नावाने सुप्रीम कोर्टाचा निकाल ओळखला जातो, ते आता एकाच युतीतल्या दोन पक्षांत आहेत. ग्रुपवर कुणीतरी नुसतं ‘विरुद्ध’ एवढा शब्द टाकला आणि त्यावर काट मारली. त्या दिवसाचा तो सगळ्यात चांगला मेसेज होता.

नोटाचं बटण आहे, पण विधानसभेला नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवार आमदार होतो. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७,५०० मतं घेऊन दुसरा आला. पहिल्याच्या विजयावर त्याचा काही परिणाम झाला नाही. गंमत म्हणजे नोटा आणायला सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २७ सप्टेंबर २०१३ चा आहे. २७ सप्टेंबरला आमच्या गावाचं काहीतरी आहे.

आणि आम्ही उदासीन म्हणून घरी बसतो हेसुद्धा पूर्ण खरं नाही. आमच्या जिल्ह्यातून दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. गेल्या तिन्ही विधानसभा १५ ऑक्टोबर, २१ ऑक्टोबर आणि २० नोव्हेंबरला झाल्या. उचल घेतलेला माणूस मुकादमाला सांगून मतासाठी तीनशे किलोमीटर परत येईल का? त्याला कुणी उदासीन म्हटलं तर ते पाप आहे. निवडणूक आयोगाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दूरस्थ मतदान यंत्राची घोषणा केली होती, एका यंत्रावर बहात्तर मतदारसंघ. १६ जानेवारी २०२३ ला पक्षांना दाखवायला बोलावलं, बहुतेक विरोधी पक्षांनी हरकत घेतली, आणि विषय तिथेच राहिला. मी तांत्रिक बाजूने विचार केला तर हरकती अगदीच चुकीच्या नव्हत्या. पुण्यात बसून जालन्याचं मत टाकायचं तर उमेदवाराचा पोलिंग एजंट कुठे बसणार? पण ऊसतोड कामगाराला या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलेलं नाही, आणि त्याच्या तुलनेत माझं ट्रॅव्हल्सचं भाडं ही लाजिरवाणी सबब आहे.

१९ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री मी गाडी पकडली. भाडं दुप्पट होतं. गाडीत माझ्या वयाची बरीच पोरं होती, बहुतेक झोपलेली. एकाला एका पक्षाच्या कार्यकर्त्याने तिकीट काढून दिलं होतं, तो ते उघडपणे सांगत होता आणि मत दुसऱ्यालाच देणार असंही सांगत होता. सकाळी घरी पोचलो तर पप्पा अंगणात पेपर वाचत बसलेले. मी चहा घेतला, आंघोळ केली, म्हटलं चला. ते उठले नाहीत. डाव्या हाताची तर्जनी पेपरच्या कडेवर होती, तिच्यावर शाई.

"कव्हा जाऊन आलात?"

"सातला."

"मे महिन्यात नव्हता गेलात."

"आज मोंढा बंद आहे," ते म्हणाले आणि पान उलटलं.

मी शाळेत गेलो, रांगेत चाळीस मिनिटं उभा राहिलो, बटण दाबलं. चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि आत पडली. संध्याकाळच्या गाडीने परत.

तेव्हापासून एक गोष्ट अडकून आहे. कायद्याप्रमाणे माणसाचं नाव तो जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथल्या यादीत हवं. मी सहा वर्षं वाकडला राहतो. जालन्यात वर्षाला वीस दिवस. म्हणजे जालन्याच्या यादीतलं माझं नाव, काटेकोर बघितलं तर, चुकीच्या जागी आहे. वेळेच्या नियमावर इतकं लिहिल्यावर जागेच्या नियमाकडे काणाडोळा करणं शोभत नाही. नाव हलवायचा अर्ज आठ नंबरचा आहे, ऑनलाइन भरता येतो. भाडेकरार जोडावा लागतो, तो माझ्याकडे आहे. वाकड चिंचवड मतदारसंघात येतं. तिथला आमदार कोण हे मला गूगल करावं लागलं.

गेल्या आठवड्यात पप्पांना फोनवर विचारलं, नाव तिकडे हलवू का? थोडा वेळ काही बोलले नाहीत. मागे हर्राशीचा आवाज येत होता, कुणीतरी भाव पुकारत होता. मग म्हणाले, "तिकडं किती फरकानं लागला होता निकाल?"